माझे चाकू आणि तिची पावशी

रिटायर झालेला माणूस फार दिवस मोकळा राहिला की घरच्यांनी सावध व्हावं, असं माझं स्वतःवरून बनलेलं मत आहे. काही जण भजनी मंडळात जातात, काही जण सकाळी बागेत गोल बसून देश चालवतात. मी चाकू करायला लागलो. भिलाईत आमच्या सेक्टर दहाच्या क्वार्टरांच्या लाइनीत नव्या माणसाला माझी ओळख 'ये चाकूवाले काका' अशीच करून देतात, आणि तो बिचारा नमस्कार करता करता जरा मागे सरकतो.

हा काही माझा छंद नव्हता. माझ्या बायकोचे, शकुनचे, दोन्ही गुडघे बदलावे लागले. ऑपरेशन चांगलं झालं, ती चालायला लागली, मंदिराच्या पायऱ्या चढायला लागली. पण डॉक्टरांनी बजावलं की आता जमिनीवर बसायचं नाही, कधीच नाही. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. आमच्यात भाजी चिरतात ती पावशीवर. पुण्यामुंबईकडे हिलाच विळी म्हणतात, इथले छत्तीसगढी शेजारी पहसुल म्हणतात. लाकडी पाट, त्यावर उभं वाकडं पातं, पाट पायाखाली दाबून बसायचं आणि चिरायचं. बसणं बंद झालं तशी पावशीही पलंगाखाली गेली.

बाजारातला चाकू शकुनने घेऊन पाहिला. आधी बोट कापलं, मग अंगठा, मग तिने चाकूच बाजूला ठेवला. भाजी मी चिरू लागलो. माझ्या हातची भेंडी तिने ताटात उचलून पाहिली आणि विचारलं, "हे चिरली का तोडली?" त्यानंतर आम्ही डबा लावला. डब्यातली भाजी रोज एकाच चवीची यायची, नाव तेवढं बदलायचं.

पुण्याचा आमचा मुलगा प्रशांत दर रविवारी फोनवर तेच सांगायचा, "बाबा, वहाँ दोनों अकेले क्या कर रहे हो? क्वार्टरची लीज देऊन टाका कोनाले तरी. इकडे या." शकुन आधी हे हसण्यावारी न्यायची. गुडघ्यांनंतर ती ऐकून घ्यायला लागली. एका रविवारी फोन ठेवल्यावर म्हणाली, "चाला, जाऊनच टाकू. ज्या घरात आपल्या हातची भाजी होत नाई, ते घर काय आन लॉज काय."

मला भिलाई सोडायची नव्हती, हे उघडच सांगतो. पुण्यात मी 'प्रशांतचे बाबा' होऊन सोसायटीच्या बाकावर बसलो असतो. आणि शकुनलाही जायचं नव्हतं. जायचं असतं तर ती असं खालच्या आवाजात बोललीच नसती. तिला इथल्या बाया, इथला बाजार, अंगणातला कढीपत्ता, सगळं हवं होतं, फक्त या घरात तिला काम उरलं नव्हतं. मी विचार केला, दोष बाजारच्या चाकूत आहे. हिला एक खराखुरा चांगला चाकू करून दिला की ही भाजी चिरेल, भाजी चिरली की स्वयंपाक करेल आणि स्वयंपाक सुरू झाला की पुण्याचं नाव निघणार नाही. आणि चांगला चाकू कोण करणार? ज्याने उभी नोकरी पोलाद करण्यात घालवली तो. म्हणजे मी.

मी इथल्या स्टील प्लांटच्या मेल्टिंग शॉपमध्ये होतो. ब्लास्ट फर्नेसमधून वितळलेलं लोखंड आमच्याकडे यायचं. त्यात कार्बन फार असतो. तसंच ओतलं तर ते कच्च्या खापरासारखं फुटेल. म्हणून ते मोठ्या भांड्यात ओतून त्यात ऑक्सिजन फुंकायचा. कार्बन जळून जातो, ज्वाळा उठतात, भेट द्यायला आलेली शाळेची पोरं टाळ्या वाजवतात, आणि पोलाद तयार होतं. हे मी इतकी वर्षं केलं की पोलाद या विषयात मला कुणी काही शिकवू शकेल ही कल्पनाच मला सहन होत नसे.

तर मी सुपेल्याच्या कबाडी, म्हणजे भंगाराच्या, बाजारात गेलो आणि एक पट्टी घेतली. कबाडी दुसरी कसलीशी गंजकी पट्टी दाखवत होता, ती मी हातानेच बाजूला सारली. मला आपल्या प्लांटच्या जातीचा माल हवा होता, स्वच्छ, मऊ, इमारतीत वापरतात तसा. घरी येऊन मागच्या अंगणात फुटक्या लोखंडी बादलीला आतून फायरक्लेचा, म्हणजे आग सोसणाऱ्या मातीचा, लेप देऊन भट्टी केली, खालून ब्लोअर लावला. ग्राइंडरने पट्टीला आकार दिला, कानशीने घासून घासून धारेचा उतार काढला. तो चाकू दिसायला देखणा होता. आता राहिलं पाणी देणं. पोलाद लालभडक करायचं आणि एकदम थंड करायचं, म्हणजे ते कडक होतं, यालाच पाणी देणं म्हणतात, मग बुडवायचं ते तेल असलं तरी. मी स्वयंपाकघरातलं जवसाचं तेल घेतलं. चाकू त्यात बुडवल्यावर असा धूर आणि असा वास सुटला की शेजारच्या बाईंनी भिंतीवरून विचारलं, "भाभी, आज भजिया बन रहा है क्या?"

कडक झालं की नाही हे कानशीवरून कळतं. पोलाद कडक झालं असेल तर कानस त्यावरून घसरते, आवाज करते, खात नाही. माझी कानस चाकूला लोण्यासारखी खाऊ लागली. पुन्हा तापवलं, पुन्हा बुडवलं. पुन्हा लोणी. शकुनचं जवस तेल संपत आलं, अंगणात काळा ढग कायमचा राहायला आला, चाकू मात्र पहिल्या दिवसाइतकाच मऊ.

माझा जुना सोबती देवांगन त्याच शॉपमधून रिटायर झाला होता. तो चहाला आला, हा सगळा देखावा पाहिला आणि पट्टी हातात घेऊन म्हणाला, "इसमें कार्बन कितना है?"

"थोडं असंल," मी म्हणालो.

तो इतका हसला की कप खाली ठेवावा लागला. "अरे भाऊ, जिंदगी भर कार्बन निकाला, अब उसी को ढूँढ रहे हो?"

धार धरायला पोलादात कार्बन लागतो, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाचं ज्ञान आहे. ज्या माणसाने डोंगराएवढ्या पोलादातून कार्बन हाकलला, त्याने मुद्दाम निवडून कार्बन नसलेली पट्टी आणली होती. कबाड्याने पुढे केलेली ती गंजकी पट्टी ट्रकच्या कमानीची, म्हणजे चाकावरच्या पोलादी स्प्रिंगची होती, कार्बन भरपूर असलेली. चाकूला तीच लागते.

देवांगन स्वतः काही पंडित नव्हता, पण कमान कुठे मिळते ते त्याला ठाऊक होतं. आम्ही दोघं त्याच्या स्कूटरवरून कुम्हारीला गेलो. तिथे हायवेला ट्रकच्या कमान्या दुरुस्त करणारे बसतात, त्यांच्याकडे तुटलेले पट्टे पडलेले असतात. एक आणला, भट्टीत तापवून राखेत पुरला, म्हणजे तो हळूहळू निवून मऊ पडतो आणि घासता येतो. मग आकार, उतार, पुन्हा लाल करणं. किती लाल, हे डोळ्याला कळत नाही. चुंबक लावून पाहायचं, चिकटेनासं झालं की समजायचं वेळ झाली. तेलात बुडवलं आणि कानस टर्रकन घसरली. आम्ही दोन म्हातारे एकमेकांचे हात हातात घेऊन अंगणात उभे राहिलो, जणू पहिल्यांदाच ब्लास्ट फर्नेस पेटवली.

असा नुसता कडक केलेला चाकू काचेसारखा असतो. त्याला नंतर मंद आचेवर तापवून थोडी कडकी उतरवावी लागते, तो पिवळसर रंगावर आला की थांबायचं. देवांगन म्हणाला, ते उद्या करू. मी तो चाकू त्याच संध्याकाळी शकुनला दाखवायला नेला. तिच्या हातून तो निसटला, फरशीवर पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. तिने दोन्ही तुकडे उचलले, एकमेकांना जोडून पाहिले आणि माझ्याकडे दिले. "मले वाटलं लोखंडाचा हाय," एवढंच म्हणाली.

पुढचा चाकू तुटला नाही, कारण तो तुटण्यासारखा नव्हताच. कमानीचा पट्टा जाड असतो आणि मी तो पातळ करायचा कंटाळा केला होता. त्या चाकूने पत्ताकोबी चिरली जात नव्हती, फुटत होती. शकुन तो वर्षभर शेंगदाणे कुटायला वापरत होती, आणि त्या कामाला तो उत्तम होता हे मी मान्य करतो. पातं पातळ करणं म्हणजे ग्राइंडरवर धीर धरणं. घाई केली की पोलाद तापून निळं पडतं, आणि निळं पडलं की दिलेलं पाणी उतरलं, सगळं मुळापासून करा. माझ्या अंगणात निळ्या चाकूंचा एक ढीग झाला होता. लोकांच्या अंगणात झेंडू असतो.

पण माणूस लागून राहिला की गाढवालाही रस्ता सापडतो. एक दिवस माझ्या चाकूने टमाटरची चकती कागदासारखी निघाली. मी ती चकती खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ उभा होतो. त्या दिवसापासून मी लोकांना चाकू वाटू लागलो आणि लोक ते परत आणून देऊ लागले. लाइनीतल्या एका रिटायर्ड बाईंनी चाकू परत आणला, धार कमी करून द्या म्हणून. "इससे डर लगता है भैया, सब्जी के साथ प्लेट भी कट जाती है।" मी पुष्कळ समजावलं. शेवटी त्यांच्यासमोर धार दगडावर आडवी घासून बोथट केली. त्यांनी दोनदा आशीर्वाद दिला.

पण माझी खरी अब्रू गेली ती दुर्गला. तिथे रेल्वेत असलेले आमच्या ओळखीचे वंजारी, त्यांच्या मुलाचं लग्न होतं. आमच्याकडे नवरदेवाच्या हातात कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतात, नजर लागू नये म्हणून. हळदीपासून लग्न लागेपर्यंत पोरगा ती हातातून खाली ठेवत नाही. वंजारी म्हणाले, "काका, तुमी चाकू करून राहिले ना, मंग पोराची कट्यार तुमच्याच हातची पायजे." मला काय, स्वर्ग दोन बोटं उरला. मी जीव ओतला. मूठ सागवानाची, पातं आरशासारखं, आणि धार अशी दिली की तशी मी पुन्हा कधी देऊ शकलो नाही.

वरात निघाली. नवरदेव घोडीवर, बँड जोरात, मी पुढच्या ओळीत, ज्याला त्याला सांगतोय की कट्यार मी केली. घोडी जरा उसळली. लिंबू पात्यावरून खाली सरकलं, आणि सरकता सरकता आपल्याच वजनाने चिरलं गेलं. दोन अर्ध्या फोडी रस्त्यावर पडल्या. बाया थांबल्या. बँड थांबला. नवरदेवाच्या आजीने डोळ्याला पदर लावला. चाकू करणाऱ्यांच्या दुनियेत यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही, पण तिथे चाकू करणारा मी एकटाच होतो.

वंजारी माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "काका, लिंबू टिकाले पायजे होतं. धार कोनं सांगतली होती तुमाले?"

नवं लिंबू आणलं, कट्यारीच्या नुसत्या टोकाला रुमालात बांधलं, आणि वरात पुढे गेली. ते जोडपं आज आनंदात आहे, मी मुद्दाम चौकशी ठेवतो.

या सगळ्या गमतीजमतीत ज्याच्यासाठी हा उद्योग मांडला ते काम जिथल्या तिथेच होतं. शकुनला मी चाकूमागून चाकू देत होतो. लहान, मोठा, जाड मुठीचा, बारीक मुठीचा. ती प्रत्येक चाकू हातात घ्यायची, "चांगला झाला" म्हणायची, आणि ओट्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची. डबा चालूच होता. आणि एका रविवारी प्रशांतने सांगितलं की क्वार्टरसाठी माणूस मिळाला आहे, घर पाहायला येतो म्हणतो, हो कळवायचं का? शकुन माझ्याकडे पाहून फोनवर म्हणाली, "बाबाले इचार." मी म्हणालो, पुढच्या रविवारी सांगतो. मला वाटत होतं, अजून एक चाकू. एखाद्या चाकूवर तिचा हात बसेलच.

त्या आठवड्यात मी सुपेल्याला पॉलिश पेपर आणायला गेलो होतो. दुकान बंद निघालं म्हणून लवकर परतलो. स्वयंपाकघराच्या दारात आलो आणि तिथेच थबकलो. शकुनने ओट्याचा ड्रॉवर थोडा उघडून त्यात माझ्या सगळ्यात चांगल्या चाकूची मूठ उभी अडकवली होती, आणि पोटाने ड्रॉवर दाबून धरला होता. पातं वर, धार तिच्याकडे. आणि दोन्ही हातांनी ती एक वांगं त्या धारेवर रेटत होती.

मी शॉपमध्ये सेफ्टीची भाषणं दिलेला माणूस. माझ्या घशातून नुसता आवाज निघाला. ती दचकली, चाकू आडवा पडला. कुणाला लागलं नाही. मी खुर्चीत बसलो आणि रागावलोही, कारण भीतीच्या खालोखाल मला अपमान वाटला होता.

"एवढा सरळ चाकू करून देल्ला, तो कावून असा उलटा धरून राहिली?"

ती ओशाळली. वांग्याच्या फोडी गोळा करत म्हणाली, "काय करू मंग. चाकू हालते. तो हालला का मले समजतच नाई तो कोनीकडं जाईन. पावशी आपल्या जागी राहते. भाजी मी नेतो तिच्याजवळ, पायजे तेवढी."

मी त्या फोडी पाहिल्या. ड्रॉवरच्या त्या जीवघेण्या सर्कशीतही त्या एकसारख्या होत्या.

चाकू म्हणजे भाजी थांबते आणि पातं चालतं. पावशी म्हणजे पातं थांबतं आणि भाजी चालते. तिच्या हातांनी लहानपणापासून हेच एक केलं होतं. तिला चांगला चाकू नको होता, वाईटही नको होता, तिला चाकूच नको होता. मी इतके दिवस पोलाद बदलत होतो, मूठ बदलत होतो, उतार बदलत होतो. इतकी वर्षं तिच्या हातचं जेवलो आणि ती भाजी चिरते कशी हे मी एकदाही बसून पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःच्या अकलेचं हसू आलं. मी म्हणालो, "शकुन, उभ्यानं चालंल अशी पावशी करून देतो."

"ओट्यावरची?"

"ओट्यावरची."

ती पलंगाजवळ गेली, वाकायचं नाही म्हणून झाडूच्या दांड्याने जुनी पावशी ओढून बाहेर काढली आणि म्हणाली, "वाक असाच पायजे."

सरळ पातं करणं आणि वाकडं करणं यात किती अंतर आहे ते मला आता कळलं. आतल्या वळणाला ग्राइंडर पोचत नाही, तिथे गोल कानस आणि खांदे दोन्ही झिजवावे लागतात. पहिलं पातं तेलात बुडवलं तेव्हा पीळ पडून निघालं, पापड तळताना मुरडतो तसं. दुसरं पीळ न पडता निघालं. ते मी घाई न करता पिवळ्या रंगावर आणलं, त्याच्याजवळून हललोही नाही. देवांगन म्हणाला, टोकाला नारळ खोवायची खवणीही काढू. शकुन अंगणाच्या दारातून म्हणाली, "आपन का कोकनातले हाओ?" खवणी राहिली.

पाट सागाचा, आणि पायाच्या जागी ओट्याच्या कडेला आवळून धरणारा शिकंजा. शनिवारी बसवलं, तर उंची चुकलेली. तिचे खांदे वर चढत होते. पाट काढून खालून रंधा मारला, पुन्हा आवळला. तिने हाताने पातं हलवून पाहिलं. हललं नाही. मी त्या शिकंज्यावर माझं सगळं वजन टाकून पाहिलं. तेव्हाही हललं नाही. शकुन म्हणाली, "सोडा आता, ओटा मोडसान." मग ती म्हणाली, उद्या बाजारातून लाल भाजी आणा, आणि डबेवाल्याला काय सांगायचं ते मी सांगीन.

रविवारी ठरल्या वेळी फोन वाजला. मीच उचलला. प्रशांत म्हणाला, "बाबा, वो आदमी आज आना चाहता है घर देखने. हो सांगू ना?"

मी म्हणालो, "आईले इचार," आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो. तिच्यासमोर लाल भाजीची, म्हणजे लाल माठाची, जुडी होती. डाव्या मुठीत पानं आवळलेली, उजव्या हाताने ती पानं पात्यावर पुढे सरकवत होती, आणि पात्याच्या पलीकडे बारीक लाल-हिरवा चुरा पडत होता. सर्र सर्र असा एकसारखा आवाज येत होता. तो मी घरात कितीतरी दिवसांनी ऐकला. मी फोन तिच्या कानाला लावला. प्रशांतने तिलाही तेच विचारलं असावं.

तिने मान जराशी फोनकडे कलती केली, हात थांबवले नाहीत. "प्रशांत, माझे हात गुतले हायेत आत्ता. त्या मानसाले येऊ नको म्हन," ती म्हणाली. "आन तू दिवाळीले इकडंच येजो."

मी फोन बंद केला आणि तिथेच उभा राहिलो. डोळे भरून आले होते. कांद्यावर ढकलावं म्हटलं, तर ती लाल भाजी चिरत होती.